बबलवरचा एक्का-राजा : चौघे उरले असताना केलेल्या एका कॉलचा प्रकरण अभ्यास

या लेखात नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारातल्या एका ऑनलाइन स्पर्धेतला एकच डाव तपासला आहे. तो मी स्वतः खेळलो होतो. हातात एक्का-राजा असताना समोरच्याच्या ऑल-इनला (सगळ्या चिप्स पणाला लावण्याला) मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून त्याला सामोरा गेलो, आणि डाव जिंकलो. जिंकल्यामुळेच त्या निर्णयाकडे पुन्हा पाहावे असे बरेच महिने मला वाटले नाही. हरलेले डाव माणूस रात्री जागून उलगडत बसतो, जिंकलेले डाव मात्र हँड हिस्टरीच्या फाईलमध्ये तसेच पडून राहतात. पुढे दुसऱ्याच एका डावाच्या शोधात ती फाईल उघडली, सहज म्हणून या डावाचेही आकडे मांडले, आणि तो कॉल ही त्या संपूर्ण स्पर्धेतली माझी सर्वांत महाग चूक होती हे लक्षात आले. प्रतिस्पर्ध्याच्या पत्त्यांविषयीचा माझा अंदाज बरोबर होता. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झाली होती, आणि ती पायरी कोणती हे नीट दाखवता यावे म्हणून हा डाव येथे सविस्तर मांडतो.

टेबलावरची स्थिती

स्पर्धा एकाच टेबलाची आणि नऊ खेळाडूंची होती. प्रत्येकाला सुरुवातीला १५०० चिप्स मिळाल्या होत्या, म्हणजे टेबलावर अखेरपर्यंत एकूण १३,५०० चिप्स फिरत राहणार होत्या. बक्षिसे अशा स्पर्धांत रूढ असलेल्या प्रमाणातच होती : एकूण बक्षिसाचे १०० भाग मानले, तर पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला २० भाग. चौथ्याला काहीही नाही. पाच जण बाद होऊन चौघे उरले होते, त्यामुळे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या तिघांचे बक्षीस पक्के होणार होते. या टप्प्याला पोकर खेळणारे बबल म्हणतात.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या रकमा (स्मॉल आणि बिग), २०० आणि ४०० होते; अँटी, म्हणजे प्रत्येकाने घालायची सक्तीची रक्कम, नव्हती. डाव सुरू होताना, ब्लाइंडची रक्कम धरून, स्मॉल ब्लाइंडवरच्या चिप लीडरकडे (सर्वाधिक चिप्सवाल्याकडे) ६०००, बिग ब्लाइंडवर माझ्याकडे ४०००, बटणवरच्या (डीलरच्या जागेवरच्या) खेळाडूकडे २७०० आणि सर्वांत आधी बोलणाऱ्या खेळाडूकडे अवघ्या ८०० चिप्स होत्या. हा ८०० चिप्सवाला माझ्या लगेच डावीकडे बसला होता. म्हणजे पुढच्याच डावात बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार होता आणि त्याच्या निम्म्या चिप्स त्याने पत्ते पाहण्याआधीच पॉटमध्ये (डावात जमा होणाऱ्या चिप्समध्ये) जाणार होत्या.

८०० चिप्सवाल्याने फोल्ड केले, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडला; बटणवरच्यानेही फोल्ड केले. चिप लीडरने क्षणाचाही विलंब न लावता ऑल-इन केले. माझ्याकडे किलवरचा एक्का आणि चौकटचा राजा होता. पुढे दोनच वाटा होत्या : उरलेल्या ३६०० चिप्स घालून कॉल करायचा, किंवा आधीच घातलेले ४०० सोडून फोल्ड करायचे. चिप लीडरकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स असल्यामुळे मी हरलो तर मी चौथा, आणि रिकाम्या हाताने बाहेर.

त्या वेळी केलेला विचार

टाइम बँक (विचारासाठी मिळणारा राखीव वेळ) सुरू केली आणि तिचा बहुतेक वेळ मी एकाच प्रश्नात घालवला : याच्याकडे काय असेल? याच स्पर्धेत त्याने याआधी दोनदा स्मॉल ब्लाइंडवरून असेच सर्वस्व लावले होते. त्याच्याविषयी स्क्रीनवर दिसणारे आकडे जेमतेम काही डझन डावांचे होते, तरी त्यांचा कल आक्रमकच होता. तो येथे निम्म्याहून अधिक पत्त्यांनिशी, कदाचित कोणत्याही दोन पत्त्यांनिशी ऑल-इन करत असावा, असा निष्कर्ष मी काढला. पुढे तो खरा ठरला.

मग पॉटचा हिशेब केला. पॉटमध्ये त्याच्या माझ्याएवढ्या ४००० आणि माझ्या ४०० अशा ४४०० चिप्स होत्या आणि मला ३६०० घालायच्या होत्या. ३६०० घालून ८००० मिळणार असतील तर कॉल बरोबरीत सुटण्यासाठी शंभरांतून ४५ वेळा जिंकणे पुरते. वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ६५ टक्के वेळा जिंकतो. चिप्सच्या भाषेत यात शंका घ्यायला जागाच नाही : कॉल केल्यावर सरासरी ५२०० चिप्स हाती राहतात, फोल्ड केल्यावर ३६००. म्हणजे एका निर्णयात सुमारे १६०० चिप्सचा, चार बिग ब्लाइंडचा, फायदा. टेबलावरच्या एकूण चिप्सपैकी जवळजवळ १२ टक्के चिप्स एका क्लिकमध्ये कमावण्याची संधी रोज येत नाही, असे त्या वेळी मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते.

कॉल केला. त्याने नव्वी-छक्की दाखवली, दोन वेगळ्या रंगांची. टेबलावर आलेल्या पाच पत्त्यांनी त्याला काही दिले नाही. माझ्या चिप्स ८००० झाल्या आणि थोड्या वेळाने मी स्पर्धाही जिंकलो. चुकीच्या निर्णयाला याहून पक्के आवरण मिळणे कठीण आहे.

चिप्सचे बक्षिसात रूपांतर

वरचा सगळा हिशेब चिप्समध्ये आहे, आणि चिप्स कोणालाही बक्षीस म्हणून मिळत नाहीत. मिळतात ते ५०, ३० किंवा २० भाग. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या हाती शेवटी टेबलावरच्या सगळ्या, म्हणजे १०० टक्के चिप्स येतात, पण त्याला बक्षिसाचा निम्माच वाटा मिळतो. उरलेला निम्मा वाटा अशा दोघांना जातो ज्यांच्याकडे शेवटी एकही चिप नसते. यावरून एक गोष्ट उघड होते : पहिल्या काही चिप्स, ज्या आपल्याला स्पर्धेत जिवंत ठेवतात, त्या फार मोलाच्या असतात, आणि त्यांवर रचल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या चिपचे मोल आधीच्यापेक्षा कमी असते.

हे मोल किती, हे काढण्याची रूढ पद्धत म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, अर्थात आयसीएम. तिच्या मागचे गणित मूळ पोकरचे नाही. अनेक स्पर्धक असलेल्या शर्यतीत प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ठाऊक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांच्या शक्यता कशा काढाव्यात, हे डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये मांडले. त्यांच्यापुढे घोड्यांच्या शर्यतींचे उदाहरण होते. १९८७ मध्ये मेसन माल्मथ यांनी तीच रीत पोकर स्पर्धांना लावली. गृहीतक सोपे आहे. पहिला येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला आपला वाटा. एखादा दुसरा खेळाडू पहिला आला असे मानले, की त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तोच नियम पुन्हा लावायचा. तिसऱ्यासाठी पुन्हा तसेच.

या डावात मी फोल्ड केले असते तर चिप लीडरकडे ६४००, माझ्याकडे ३६००, बटणवरच्याकडे २७०० आणि चौथ्याकडे ८०० चिप्स राहिल्या असत्या. माझी पहिला येण्याची शक्यता ३६०० भागिले १३,५००, म्हणजे २६.७ टक्के. चिप लीडर पहिला आला असे मानले तर उरलेल्या ७१०० चिप्समध्ये माझा वाटा ५०.७ टक्के होतो. अशा सर्व शाखा मोजून बेरीज केली की दुसरा येण्याची शक्यता ३२.४ टक्के, तिसरा येण्याची ३०.२ टक्के आणि चौथा येण्याची १०.८ टक्के निघते. या शक्यतांना बक्षिसाच्या भागांनी गुणले, की फोल्ड केल्यानंतरच्या माझ्या स्थितीचे मोल २९.१ भाग ठरते.

कॉल करून जिंकलो तर माझ्याकडे ८०००, चिप लीडरकडे २०००, बाकी दोघे तसेच. या स्थितीत माझे मोल ४०.३ भाग. कॉल करून हरलो तर शून्य.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की डावाचे खरे रूप दिसते. फोल्डनंतरच्या ३६०० चिप्स २९.१ भागांच्या, आणि ८००० चिप्स, म्हणजे दुपटीहून कितीतरी अधिक चिप्स, केवळ ४०.३ भागांच्या. जिंकल्यास ११.२ भाग मिळतात, हरल्यास २९.१ भाग जातात. कॉल बरोबरीत सुटण्यासाठी जिंकण्याची शक्यता २९.१ भागिले ४०.३, म्हणजे ७२.१ टक्के हवी. पॉटच्या हिशेबाने ४५ टक्के पुरत होते; बक्षिसाच्या हिशेबाने ७२ लागतात. माझ्या एक्का-राजाकडे होते ६५.

कॉलचे सरासरी मोल सव्वीस भागांच्या थोडे वर येते. सुमारे १६०० चिप्सचा फायदा देणाऱ्या त्याच क्लिकने मी बक्षिसातले जवळजवळ पावणेतीन भाग घालवले होते, म्हणजे फोल्ड केल्यावर जे माझे राहिले असते त्याचा सुमारे दहावा हिस्सा.

प्रश्नांचा क्रम

वर म्हटलेली आधीची पायरी ती हीच. टाइम बँकेचा सगळा वेळ मी ज्या प्रश्नावर खर्च केला, त्याच्या उत्तराने निर्णय बदलणारच नव्हता. चिप लीडर कोणत्याही दोन पत्त्यांनिशी ऑल-इन करतो हे मला खात्रीने माहीत असते तरी ६५ टक्क्यांचे ७२ झाले नसते. याहूनही टोकाची कल्पना करू. समजा, त्याने आपले पत्ते उघडे करून दाखवले असते आणि ती सत्ती-दुर्री, होल्डेममधली सर्वांत कुप्रसिद्ध जोडगोळी, असती. एक्का-राजा तिच्याविरुद्धही सुमारे ६७ टक्के वेळाच जिंकतो. म्हणजे समोर सत्ती-दुर्री उघडी दिसत असतानाही, या मॉडेलप्रमाणे, फोल्ड करणे बरोबर ठरते. प्रथम हा निष्कर्ष पाहिला तेव्हा मी आकडे तीन वेळा तपासले.

कॉल फायद्याचा व्हायला त्याच्याकडे एक्का-राणी किंवा राजा-राणीसारखे पत्ते हवेत, ज्यांतला एक पत्ता माझ्याशी जुळतो आणि दुसरा माझ्यापेक्षा हलका असतो. त्यांच्याविरुद्ध एक्का-राजा सुमारे ७४ टक्क्यांवर जातो. असे पत्ते त्याच्या एकूण पत्त्यांत थोडेच असतात. उलट कोणतीही छोटी जोडी त्याच्याकडे असली तर मीच किंचित मागे असतो.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने सुरू व्हायला हवा होता. आधी विचारायचे : बक्षिसाच्या हिशेबाने किती टक्के लागतात? ते ठरल्यावर : हातातले पत्ते समोरच्याच्या सर्वांत सैल खेळाविरुद्धही तेवढे देतात का? उत्तर नाही असेल तर त्याच्याकडे काय आहे याचा शोध तेथेच संपतो, आणि थोड्या डावांवर आधारलेल्या आकड्यांतून त्याच्या स्वभावाचे निदान करण्याची गरज उरत नाही. ऑनलाइन खेळात घड्याळ चालू असते आणि खेळ सुरू असताना हिशेबाची साधने वापरण्यास साइट्स मनाई करतात. त्यामुळे ७२ हा नेमका आकडा टेबलावर काढता येणार नाही हे खरे. पण चौघांतून तिघांना बक्षीस असताना, आपल्याहून मोठ्या स्टॅकविरुद्ध (जास्त चिप्सवाल्याविरुद्ध) सर्वस्व लावायचे तर चिप्सच्या हिशेबापेक्षा वीस-पंचवीस टक्के अधिक लागतात, एवढी जाण आधीच्या अभ्यासातून सोबत नेता येते. माझ्याकडे ती नव्हती.

८०० चिप्सवाल्याविषयी

आकडे पाहिल्यावर माझे पहिले स्पष्टीकरण असे होते की हे सगळे त्या ८०० चिप्सवाल्यामुळे घडले : तो मरणाच्या दारात असताना मी दुसऱ्या क्रमांकाच्या स्टॅकनिशी जुगार खेळलो. पोकर खेळणाऱ्यांत हे स्पष्टीकरण इतके रूढ आहे की मीही ते लिहून मोकळा झालो होतो. मग तपासणीसाठी मी मागच्या दोन स्टॅकची वाटणी बदलून पाहिली. त्या दोघांच्या मिळून ३५०० चिप्स २७०० आणि ८०० अशा न ठेवता १८०० आणि १७०० अशा केल्या, बाकी सगळे तसेच ठेवले. आता टेबलावर कोणीही मरणासन्न नव्हता. कॉलसाठी लागणारी शक्यता ७२.१ वरून घसरून किती झाली असेल? केवळ ७०.५ टक्के.

म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने अगदी छोट्या स्टॅकचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास आहे. बाकीचा सगळा भार बक्षिसांच्या रचनेचा आणि चिप लीडरच्या चिप्स माझ्यापेक्षा जास्त असण्याचा आहे. ८०० चिप्सवाला नसता तरी एक्का-राजाचा कॉल चुकीचाच ठरला असता. छोटा स्टॅक दिसला की सावध व्हायचे आणि तो नसला की मोकळे व्हायचे, ही सवय मला वाटते बबलवरच्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी आहे, कारण तीत धोका चुकीच्या जागी शोधला जातो.

तरीही या डावातल्या ८०० चिप्सवाल्याचे महत्त्व मॉडेल कमी लेखते असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण बसण्याच्या क्रमात आहे. आयसीएमला फक्त चिप्स दिसतात; पुढच्या डावात ब्लाइंड कोणावर येणार हे दिसत नाही. मॉडेलच्या लेखी ८०० चिप्सचे मोल ८.९ भाग आहे आणि तो खेळाडू चौथा येण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के. पण पुढच्याच डावात त्याला ४०० सक्तीने घालायचे होते, आणि त्याच्या नंतरच्या डावात आणखी २००. त्याची खरी स्थिती ८.९ भागांपेक्षा वाईट होती, म्हणजे उरलेल्या आम्हा तिघांची मॉडेलने सांगितल्यापेक्षा थोडी चांगली. माझ्या फोल्डचे मोल २९.१ च्या वर होते. किती वर, हे मी सांगू धजत नाही, पण दिशा निश्चित आहे.

क्रमाचा आणखी एक फायदा मला त्या वेळी दिसला नाही. दोन डावांनी बटण माझ्याकडे येणार होते, आणि तेव्हा स्मॉल ब्लाइंडवर ८०० चिप्सवाला (तोवर टिकला तर) आणि बिग ब्लाइंडवर २७०० चिप्सवाला असणार होता. दोघांपेक्षाही माझ्या चिप्स जास्त. चिप लीडरने फोल्ड केले, तर जो दबाव तो माझ्यावर आणत होता तोच मी त्या दोघांवर आणू शकलो असतो.

चिप लीडरच्या बाजूने

त्याने नव्वी-छक्कीवर सर्वस्व लावले हे पाहून मी त्या रात्री त्याला बेफिकीर खेळाडू ठरवले होते. तो निर्णय मागे घ्यायला हवा. त्याने फोल्ड केले असते तर त्याचे मोल ३५.२ भाग झाले असते. ऑल-इन करून मी फोल्ड केले तर ३६.७. मी ७२ टक्क्यांचा नियम पाळणारा खेळाडू असतो तर मी कॉल केवळ नव्वीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्यांनीच केला असता, आणि अशा जोड्या मिळण्याची शक्यता शंभरात तीनहूनही कमी आहे. त्याला अगदी टाकाऊ पत्त्यांनीही ऑल-इन करणे फायद्याचे होते. तो बरोबर खेळला. त्याच्या हिशेबात फक्त एक गृहीतक चुकले : समोरचा बक्षिसाचा हिशेब करतो, हे.

त्याचा दंड त्यालाही झाला. माझ्या एक्का-राजाच्या कॉलने, पत्ते उघडण्याआधी, त्याचे मोल ३६.७ वरून सुमारे ३०.३ वर आले. सहाहून अधिक भाग गेले. माझे पावणेतीन गेले. मिळून नऊ भागांहून अधिक मोल आम्हा दोघांच्या हातून सुटले आणि ते सगळे अशा दोघांकडे गेले ज्यांनी या डावात एकही चिप घातली नव्हती. मी हरलो असतो तर ८०० चिप्सवाल्याचे मोल ८.९ वरून थेट २३.६ भागांवर गेले असते, केवळ गप्प बसल्याबद्दल. चौघांत दोघे भिडतात तेव्हा बघ्यांचा लाभ होतो, हे मी पूर्वीही ऐकले होते. तो लाभ एवढा मोठा असतो याची कल्पना मात्र नव्हती.

कॉलच्या बाजूचे युक्तिवाद

या डावाची चर्चा मी ज्या जाणकार खेळाडूंशी केली, त्यांच्याकडून दोन आक्षेप आले.

पहिला असा : मी फोल्ड करत राहिलो तर तो प्रत्येक वेळी ऑल-इन करील, कोठेतरी त्याला अडवावेच लागेल. भावना समजते, पण हिशेब टिकत नाही. स्मॉल ब्लाइंडवर तो आणि बिग ब्लाइंडवर मी, अशी गाठ चौघांच्या टेबलावर चार डावांतून एकदाच पडते, आणि बबल त्याच्या आतच फुटण्याची दाट शक्यता होती. त्याला धडा शिकवण्याचा खर्च माझ्या खिशातून जाणार होता आणि त्या धड्याचा लाभ इतर दोघांना होणार होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ८००० चिप्स हाती आल्या की बबलवर दबाव आणण्याची ताकद माझ्याकडे येते, आणि ही ताकद आयसीएम मोजत नाही. सगळे सारखेच कुशल आहेत आणि पुढे प्रत्येकाला सारखीच संधी आहे असे ते धरून चालते. हे मान्य आहे. मोठ्या स्टॅकचे खरे मोल ४०.३ भागांपेक्षा थोडे जास्त असावे. परंतु ६५ टक्क्यांवर कॉल बरोबरीत सुटण्यासाठी ते मोल जवळजवळ ४४.८ भाग असायला हवे. साडेचार भागांची ही वाढ केवळ दबावाच्या जोरावर भरून निघेल असे मानणे मला जमत नाही, विशेषतः पहिले बक्षीसच ५० भागांचे असताना, आणि ज्याच्यावर हा दबाव आणायचा त्या सर्वांत छोट्या खेळाडूकडे पुढचे दोन डाव फोल्ड केल्यावर अवघ्या २०० चिप्स उरणार असताना.

बक्षिसांची रचना बदलली की आकडा किती हलतो हेही पाहण्यासारखे आहे. समजा, ही सॅटेलाइट स्पर्धा असती आणि पहिल्या तिघांना पुढच्या मोठ्या स्पर्धेचे एकसारखे तिकीट मिळणार असते. स्टॅक तेच. फोल्ड केल्यास तिघांत येण्याची माझी शक्यता ८९.२ टक्के, कॉल जिंकल्यास ९८.३. लागणारी शक्यता ९०.८ टक्के. एक्क्यांची जोडी कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. तेथे होल्डेममधली सर्वोत्तम जोडीही फोल्ड करावी लागली असती. याच्या उलट, सगळे बक्षीस एकट्या विजेत्याला असते तर ४५ टक्क्यांचा मूळ हिशेब जसाच्या तसा लागू झाला असता आणि माझा कॉल निर्विवाद ठरला असता. पत्ते तेच, चिप्स त्याच, समोरचा तोच. फक्त बक्षिसाची पाटी वेगळी.

काठावरचे पत्ते

शेवटी, याच जागी कोणत्या पत्त्यांनी कॉल करावा हे ठरवणे उरते. चिप लीडर कोणतेही दोन पत्ते घेऊन ऑल-इन करतो असे धरले तर दश्शीची जोडी ७५ टक्के वेळा जिंकते. तिचा कॉल सरासरी ३०.२ भाग देतो, फोल्डपेक्षा एका भागाने सरस. तेथे कॉल करावा. अठ्ठीची जोडी ६९ टक्क्यांवर अडते, ती फोल्ड. एकाच रंगाचा एक्का-राजाही ६७ वरच थांबतो आणि माझ्या हातातल्या एक्का-राजासारखाच फोल्डमध्ये जातो.

खरी अडचण नव्वीच्या जोडीची आहे. ती कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ७२.१ टक्के वेळा जिंकते आणि लागतातही ७२.१. दशांशापर्यंत बरोबरी झाल्यावर मॉडेल गप्प होते आणि मॉडेलच्या बाहेरच्या गोष्टींना बोलावे लागते. मोठ्या स्टॅकची ताकद कॉलच्या बाजूने आहे. चिप लीडर प्रत्यक्षात अगदी प्रत्येक पत्ता खेळत नसावा, त्याने तळातले काही पत्ते जरी वगळले तरी नव्वीची जोडी ७२ च्या खाली येते. हे फोल्डच्या बाजूने आहे. आणि डावीकडच्या खेळाडूवर पुढच्याच डावात येणारा ४०० चा ब्लाइंडही फोल्डच्याच बाजूने आहे. मी आज त्या जागी बसलो आणि हाती दोन नव्व्या आल्या, तर मी फोल्ड करीन. दोन दश्श्या आल्या, तर कॉल.